दफ्तर गेले, नोंद उरली : जुन्नर-आंबेगावच्या दोन हजार वर्षांचा हिशेब

संगणकावरून डेटाबेसचे सॉफ्टवेअर काढून टाकणे दिसते तितके सरळ नसते. विंडोजमध्ये कंट्रोल पॅनेलमधून मायएसक्यूएल काढले की यादीतले नाव जाते, पण 'प्रोग्रॅम डेटा' नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये माहितीच्या फायली तशाच पडून राहतात. पोस्टग्रेस काढले तर ते जाता जाता सांगून जाते की माहितीच्या डिरेक्टरीला हात लावलेला नाही. उबुंटूसारख्या लिनक्सवर 'रिमूव्ह' आणि 'पर्ज' असे दोन वेगळे हुकूम आहेत. पहिल्याने प्रोग्रॅम जातो आणि त्याची मांडणी राहते. दुसऱ्याने मांडणीही जाते, पण मायएसक्यूएलसारख्या डेटाबेसच्या बाबतीत साठवलेली माहिती पुसायची का, हे वेगळे विचारले जाते. मॅकवर ॲप कचऱ्याच्या डब्यात ओढून टाकले तरी 'लायब्ररी'च्या पोटात त्याचे अवशेष सापडतात.

हा बनवणाऱ्यांचा विसरभोळेपणा म्हणता येणार नाही. साधन वेगळे आणि त्यात साठवलेली माहिती वेगळी, हे त्यांना पक्के ठाऊक असते. साधन उद्या पुन्हा आणता येते. माहिती एकदा गेली की कोणी आणून देत नाही. म्हणून साधन काढताना माहितीला धक्का लागू नये, असा दंडक या क्षेत्रात पडला.

राज्येही आपापली नोंदव्यवस्था बसवतात आणि काढतात. भाषा बदलते, लिपी बदलते, सन बदलतो, मोजमाप बदलते, कारकून बदलतात. अशा वेळी जुन्या नोंदींचे काय होते आणि त्या नोंदींवर ज्यांची जमीन, मशीद, दर्गा किंवा जात टिकून आहे त्यांचे काय होते, हा आपल्या समाजाच्या दृष्टीने फार जवळचा प्रश्न आहे. तो समजून घ्यायला पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांइतकी चांगली जागा क्वचितच मिळेल. इथे दोन हजार वर्षांत निदान सहा-सात दफ्तरे बसली आणि उठली.

नाणेघाट : नोंद शाबूत, वाचणारा नाही

जुन्नरच्या पश्चिमेला नाणेघाटाच्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला हा लेख ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत आहे. त्यात यज्ञांची आणि त्या वेळी दिलेल्या दानांची यादी आहे : इतक्या गाई, इतके घोडे, इतके कार्षापण. शून्याचे चिन्ह नसलेल्या त्या अंकपद्धतीत शेकडा, हजार असे आकडे स्वतंत्र चिन्हांनी कोरलेले आहेत. भारतीय अंकांचा इतिहास लिहिणाऱ्याला या भिंतीपाशी थांबावेच लागते.

जुन्नरभोवतीच्या लेण्यांमधले लेखही असेच हिशेबी आहेत. धान्याचे व्यापारी, बांबूकाम करणारे, कासार यांच्या श्रेणींकडे दानाची व्यवस्था सोपवल्याच्या नोंदी तिथे आहेत. कुठे शेताचे उत्पन्न भिक्षूंसाठी लावून दिलेले आहे, कुठे झाडे लावण्यासाठी जमीन दिलेली आहे. दात्यांमध्ये स्वतःला यवन म्हणवणारे लोकही आहेत. मूळ मालमत्ता कायम ठेवायची, तिचे उत्पन्न धर्मकार्याला लावायचे आणि देखरेख तिसऱ्याकडे द्यायची, ही कल्पना वक्फ शब्द या डोंगरांत पोहोचण्यापूर्वी हजार-बाराशे वर्षे इथे दगडावर कोरली गेली होती. वक्फ ही बाहेरून आणून लादलेली विचित्र वस्तू आहे, असे मानणाऱ्यांनी एकदा लेण्याद्रीच्या पायऱ्या चढाव्यात.

पुढे सातवाहन गेले, ब्राह्मी लिपी वापरातून गेली. लेख मात्र जागच्या जागी राहिले. घाटातून शतकानुशतके बैलांचे तांडे गेले, सैन्ये गेली, पण भिंतीवर काय लिहिले आहे हे कोणालाच सांगता येईना. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मीचा उलगडा केल्यावर ही माहिती पुन्हा माणसांच्या हाती आली. म्हणजे नोंद जपणे पुरेसे नसते. ती वाचणारी विद्याही जपावी लागते. एवढा एक धडा मनात ठेवून पुढे जाऊ.

मलिक अंबर : काय काढले आणि काय ठेवले

१४९० मध्ये मलिक अहमदने बहामनी सत्तेपासून वेगळे होऊन जुन्नरमध्ये निजामशाही उभी केली. अहमदनगर शहर त्यानंतर, १४९४ मध्ये वसले. म्हणजे निजामशाहीचे पहिले दफ्तर जुन्नरचे. पुढे १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला आणि राज्य बुडाल्यासारखेच झाले, तेव्हा गुलाम म्हणून विकला गेलेला एक हबशी माणूस त्या राज्याचा पेशवा झाला. त्या मलिक अंबरच्या काळात राजधानी काही वर्षे पुन्हा जुन्नरला होती.

मलिक अंबर आपल्याकडे गनिमी काव्यासाठी आणि खडकीच्या नहरीसाठी ओळखला जातो. गावपातळीवर त्याची आठवण अधिक काळ टिकली ती जमाबंदीमुळे. त्याच्या आधी महसुलाची वसुली मक्त्याने दिली जात होती. जो जास्त बोली लावील त्याने गावे घ्यावीत आणि रयतेकडून जमेल तितके काढावे, असा तो प्रकार. अंबरने ही इजाऱ्याची पद्धत मोडली. जमिनीचा कस पाहून आणि काही हंगामांच्या पिकाचा अंदाज घेऊन सारा ठरवण्याची रीत त्याने घातली आणि धान्याऐवजी रोख रकमेचा हिशेब रूढ केला. दोनशे वर्षांनी इंग्रज अधिकारी पुणे प्रांतातल्या गावांचे जुने कागद तपासू लागले, तेव्हा 'मलिक अंबरचा धारा' हा शब्द लोकांच्या तोंडी होता.

यातला महत्त्वाचा भाग वेगळाच आहे. अंबरने वसुलीची रीत बदलली, पण गावातली माहिती जिथे होती तिथेच ठेवली. ती पाटील आणि कुलकर्ण्याकडे होती. शिवार कुठून कुठपर्यंत, कोणते शेत कोणाच्या मिराशीचे, कोणते पडीक, हे सगळे कुलकर्ण्याच्या बस्त्यात आणि पाटलाच्या डोक्यात असे. अंबरने वतनदारांना उखडले नाही, मिरासदारांचा हक्क मान्य केला. हबशी मुसलमान वजीर, ब्राह्मण कारकून आणि मराठा पाटील यांच्यामधून ती व्यवस्था चालली. तिला 'मुसलमानी राजवटीचा जुलूम' म्हणणे किंवा नुसता 'गंगाजमनी' शिक्का मारून मोकळे होणे, दोन्ही आळशीपणाचे आहे. हुशार कारभारी जुने यंत्र बदलतो पण त्यातली माहिती सांडू देत नाही, इतका साधा हा व्यवहार होता.

दख्खनच्या सुलतानांना हे आधीपासून कळलेले होते. विजापूरच्या पहिल्या इब्राहिम आदिलशाहाने हिशेब फारसीऐवजी हिंदवीत ठेवण्याचा हुकूम दिल्याचे फरिश्ता लिहितो. निजामशाही आणि आदिलशाहीची कित्येक खुर्दखते दुभाषी आहेत : वर फारसी, खाली मोडी मराठी. दरबाराची भाषा एक आणि गावाची दुसरी असेल, तर कागदावर दोन्ही असाव्यात, हे तेव्हाच्या कारकुनांना समजत होते.

सन इहिदे सबैन अलफ

१६३६ मध्ये निजामशाही संपली आणि जुन्नर मोगलांकडे गेले. शिवाजी महाराजांचा जन्म शिवनेरीवर १६३० चा, पण हा किल्ला त्यांच्या हयातीत स्वराज्यात येऊ शकला नाही. मोगलांनी आपली पद्धत आणली. १५८० च्या तोडरमलच्या दहसाला पद्धतीवर आधारलेली जमाबंदी शहाजहानच्या काळात मुर्शिद कुलीखानाने दख्खनमध्ये बसवली. त्याच राजवटीत इथे फसली सन आला.

सनाचे हे प्रकरण मुद्दाम थांबून पाहण्यासारखे आहे. हिजरी वर्ष चंद्रावर चालते आणि सौर वर्षापेक्षा साधारण अकरा दिवसांनी लहान असते. म्हणून रमजान कधी उन्हाळ्यात येतो, कधी थंडीत. इबादतीला याची अडचण नाही, पण शेतसाऱ्याला आहे. पीक चंद्र पाहून येत नाही. म्हणून दख्खनमध्ये १३४४ च्या सुमारास, मुहम्मद तुघलकाच्या काळात, शुहूर सन सुरू झाला. त्या वेळचा हिजरी आकडा ७४५ तसाच घेतला आणि पुढची मोजणी सूर्याच्या गतीने, मृग नक्षत्रापासून सुरू केली. १६३६ मध्ये मोगलांनी हेच पुन्हा केले. त्या वेळचा हिजरी आकडा १०४६ घेऊन दख्खनचा फसली सन सुरू झाला.

आता गंमत पाहा. १३४४ ते १६३६ ही सौर वर्षे होतात २९२. हिजरी आकडा मात्र ७४५ वरून १०४६ वर गेला, म्हणजे ३०१ वर्षे. मधला फरक नऊ. शुहूर आणि फसली या दोन सनांमध्ये कायम नऊ वर्षांचे अंतर राहिले, ते यामुळे. इसवी सनातून ५९९ वजा केले की शुहूर सन मिळतो, ५९० वजा केले की फसली. जुना सन काढून टाकून नवा आणला असे झालेच नाही. दोन्ही शेजारी शेजारी चालले आणि कागद वाचणाऱ्याला दोन्हींची बेरीज-वजाबाकी येणे भाग पडले.

शुहूर सन आकड्यांत क्वचितच लिहीत. तो अरबी शब्दांत लिहिण्याची रीत होती. 'इहिदे सबैन अलफ' म्हणजे एक, सत्तर, हजार : १०७१, इसवी १६७०-७१. मराठी कागदांवर हे अरबी शब्द शिवकाळात होते आणि पेशवाई बुडेपर्यंत राहिले. 'समान अशर मयातैन व अलफ' म्हणजे १२१८, इसवी १८१७-१८. पेशवाईचे शेवटचे वर्ष पुण्यातल्या ब्राह्मण कारकुनांनी अरबी संख्यावाचकांनी लिहिले. त्यात त्यांना काही परके वाटत नव्हते. तो त्यांच्या दफ्तराचा भाग होता.

मधल्या काळात हे शब्द काढण्याचा एक गंभीर प्रयत्न झाला होता. राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंत्यांच्या देखरेखीखाली राज्यव्यवहारकोश तयार झाला. सुमारे १३८० फारसी, अरबी, दख्खनी शब्दांना त्यात संस्कृत पर्याय दिले गेले. पेशव्याचा मुख्य प्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, डबीराचा सुमंत, सरनोबताचा सेनापती. स्वतंत्र राज्याने आपली परिभाषा घडवावी यात गैर काहीच नाही. तो मोठा भाषिक प्रकल्प होता आणि त्याकडे आदराने पाहावे लागते.

पण निकाल काय लागला? पुढच्या शतकात त्याच राज्याची सूत्रे ज्यांच्या हाती गेली ते स्वतःला पेशवे म्हणवत आणि त्यांच्या कारभाऱ्याचे नाव फडणवीस. हे दोन्ही शब्द फारसीतले. रोजकीर्द, ताळेबंद, जमाबंदी, तारीख, हजेरी हे सगळे परत आले, किंवा खरे म्हणजे कुठे गेलेच नव्हते. कोशातून शब्द हटवता येतो. कुलकर्ण्याच्या बोटांतून तो हटत नाही, कारण त्याचे सगळे जुने कागद त्याच शब्दांत असतात आणि नवा कागद त्याला जुन्याशी ताडून पाहायचा असतो.

कागद जुन्नरचा

हे सगळे लिहिले जात होते ते कशावर, हेही सांगितले पाहिजे. जुन्नर हे हातकागदाचे गाव होते. कागद करणारे कारागीर मुसलमान होते आणि धंद्यावरून त्यांना कागदी म्हणत. जुनी तरटे, चिंध्या, दोर पाण्यात आणि चुन्यात भिजवायचे, कुटायचे, धुवायचे, पुन्हा कुटायचे. तो लगदा हौदात ढवळून गवताच्या बारीक चटईवर उचलायचा. ओले ताव भिंतीला चिकटवून वाळवायचे, खळ लावायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचे. घोटलेल्या कागदावर बोरू अडखळत नाही आणि शाई फुटत नाही. मोडी ही हात न उचलता वाहत जाणारी लिपी आहे. असा कागद नसता तर ती तशी वाहिलीच नसती.

पेशवाईतल्या दफ्तरांना जुन्नरी कागद परिचित होता. मराठ्यांच्या इतिहासाची साधने म्हणून आज जे कागद हातमोजे घालून उलगडले जातात, त्यांच्या मागे या कारागिरांचे हात आहेत. कागदावर लिहिणाऱ्याचे नाव असते, ज्याला लिहिले त्याचे असते, शिक्का असतो. ज्याने कागद केला त्याचे नाव नसते. एकोणिसाव्या शतकात गिरणीचा स्वस्त कागद आला आणि हा धंदा बसत गेला. कागदी हे आडनाव उरले.

पेशवे दफ्तर आणि इनाम कमिशन

१८१८ मध्ये इंग्रजांनी पुणे घेतले. एल्फिन्स्टनने पेशव्यांचे दफ्तर नष्ट केले नाही, ताब्यात घेतले. यामागे संस्कृतिप्रेमापेक्षा व्यवहार होता. सारा किती, इनाम कोणाला, वतन कोणाचे, हे त्या रुमालांत बांधलेले होते. रुमाल म्हणजे कागदांचे कापडी गाठोडे. पुण्याच्या पुराभिलेखागारात आजही पेशवे दफ्तर रुमालांनीच मोजले जाते.

नंतर इंग्रजांनी नवी व्यवस्था बसवण्याचा पहिला प्रयत्न याच जिल्ह्यात केला. १८२० च्या दशकाअखेर प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्याची मोजणी केली. त्या काळच्या इंग्रजी अर्थशास्त्राच्या पुस्तकातून आलेला नियम त्याने लावला : प्रत्येक शेताचे खर्च वजा जाता निव्वळ उत्पन्न काढायचे आणि त्याचे ५५ टक्के सरकारने घ्यायचे. कागदावर हे अतिशय शास्त्रशुद्ध होते. प्रत्यक्षात मोजणीत चुका झाल्या, खालच्या नोकरवर्गाने हात मारला, सारा अवाच्या सवा बसला आणि कुणबी शेत सोडून गेले. काही वर्षांतच ती मोजणी मोडीत निघाली. १८३६ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरात नव्याने सुरुवात केली. त्यांनी जमिनीची प्रत आण्यांत ठरवली, सोळा आण्यांपासून खाली. तीस वर्षांसाठी सारा कायम केला. गावकऱ्याला समजेल अशा मापात ही व्यवस्था बोलत होती, म्हणून ती टिकली.

इनामांच्या बाबतीत मात्र असा समजूतदारपणा दिसला नाही. १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले. ज्याच्याकडे इनाम आहे त्याने सनद दाखवावी, तिचा दफ्तराशी मेळ बसावा, नाहीतर जमीन सरकारजमा. मंदिराचा पुजारी, मठ, दर्ग्याचा मुजावर, गावचा काझी, सगळे या चरकातून गेले. कित्येकांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या वहिवाट होती, पण कागद वाळवीने खाल्लेला होता. सनद फारसीत, नक्कल मोडीत आणि निर्णय इंग्रजीत होणार. हजारो इनामे गेली. १८५७ च्या असंतोषात दक्षिण महाराष्ट्रात इनाम कमिशनचा वाटा होता, हे इतिहासकारांनी नोंदलेले आहे.

कमिशनने पुराव्याचे ओझे उलटे फिरवले, ही यातली मुख्य गोष्ट आहे. आधी जमीन ज्याची वहिवाट त्याची, असे गाव सांगत होते. आता कागद ज्याचा जमीन त्याची, असे सरकार सांगू लागले. आणि कागद ज्या दफ्तरात होता ते दफ्तर सरकारच्याच ताब्यात होते.

पाण्याखालचे गाव, कागदावरचा तालुका

विसाव्या शतकात दोन मोठे बदल झाले. १९१७ मध्ये मुंबई सरकारने कारभारासाठी मोडीऐवजी बाळबोध लिपी ठरवली. मोडी पुढे काही दशके शाळांत शिकवली गेली आणि मग तीही थांबली. एका पिढीत आजोबांचा कागद नातवाला परका झाला. भाषा मराठीच, पण अक्षर लागत नाही. ब्राह्मीचे जे शतकांत झाले ते मोडीचे साठ-सत्तर वर्षांत झाले.

दुसरा बदल आकड्यांचा. १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरण कायद्यानुसार गावोगाव योजना राबवली गेली, तेव्हा जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जुन्नर-आंबेगावातल्या कोणत्याही जमिनीचा जुना इतिहास काढायचा तर आधी गट नंबरावरून सर्व्हे नंबर शोधावा लागतो. ही किल्ली हरवली की कपाट समोर असून उघडत नाही. एकर-गुंठ्यांचे हेक्टर-आर झाले. लोक अजून एकर-गुंठेच बोलतात आणि तलाठी मनातल्या मनात हिशेब करतो.

आंबेगावाची गोष्ट तर अगदी निराळी. ज्या गावाच्या नावाने हा तालुका आहे ते गाव घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. कचेरी घोडेगावात आहे, पण तालुका आंबेगावच. गाव उठले, नाव दफ्तरात राहिले. धरणाच्या पाण्यात महादेव कोळ्यांची शेते गेली. पाणी ओसरते तेव्हा उघड्या पडलेल्या गाळावर आदिवासी पीक घेतात. त्याला गाळपेर म्हणतात. कागदाच्या लेखी ती जमीन बुडालेली आहे, माणसाच्या लेखी ती वर्षातून काही महिने जिवंत होते. दफ्तर आणि वास्तव यांतले अंतर पाहायचे असेल त्याने उन्हाळ्यात डिंभ्याच्या काठावर जावे.

सातबारा संगणकावर

आज ज्याला आपण सातबारा म्हणतो तो गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा जोड आहे. पहिल्यात हक्क, दुसऱ्यात पीक. हक्कनोंदीची ही पद्धत मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने आली. गेल्या वीसेक वर्षांत हे सगळे संगणकावर गेले. हाताने लिहिलेला सातबारा बंद झाला, फेरफार ऑनलाइन झाला आणि १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा उतारा मिळू लागला.

हा बदल हवा होता, यात वाद नाही. ज्या उताऱ्यासाठी शेतकरी आठवडाभर हेलपाटे घालायचा तो आता मोबाइलवर निघतो. पण जुने रजिस्टर बघून संगणकात टंकताना नावे चुकली, क्षेत्र चुकले, एखादा वारस गळाला. म्हणून २०१७ मध्ये राज्यभर चावडी वाचन घ्यावे लागले. संगणकातला सातबारा गावात मोठ्याने वाचून दाखवायचा आणि लोकांनी चुका सांगायच्या. लेखनदोष दुरुस्त करायला जमीन महसूल संहितेचे कलम १५५ आहे. चावडी वाचन ही मला यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते. नवे यंत्र बसवून जुने काढण्याआधी ज्यांची माहिती आहे त्यांनाच विचारायचे, हे मलिक अंबरच्या कारकुनालाही पटले असते.

मुसलमान नावांना यात विशेष त्रास होतो. शेख, सय्यद, पठाण हे आधी की नंतर, बापाचे नाव मधे की शेवटी, महंमद, मोहम्मद की मुहम्मद, इब्राहिम की इभ्राम. मोडीत एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरे, आधारवर तिसरे. गावचा तलाठी 'इभ्रामभाई'ला ओळखत होता. संगणक ओळखत नाही. त्याच्यासाठी ती तीन माणसे आहेत.

जातीच्या दाखल्याचेही तेच. महाराष्ट्रात इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. पिंजारी, बागवान, अत्तार, तांबोळी, मोमीन या आपल्या कितीतरी बिरादऱ्या त्या यादीत आहेत. पण जुन्या शाळेच्या रजिस्टरात गुरुजींनी जातीच्या रकान्यात नुसते 'मुसलमान' लिहिलेले असते. धंद्याची, बिरादरीची नोंद बहुधा त्याहून जुन्या कागदात असते, आणि तो मोडीत असतो. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची गरज साऱ्या महाराष्ट्राला एकदम जाणवली. जे मृत म्हणून बाजूला ठेवले होते ते एका रात्रीत निकडीचे झाले.

वक्फ : तीन दफ्तरांच्या मधे

शेवटी मशीद-दर्ग्यांच्या मालमत्तेकडे येऊ. इथे निरनिराळ्या राज्यांचा वारसा स्पष्ट दिसतो. मराठवाडा निजामाकडे होता. तिथल्या मिळकती पुढे १९५४ च्या वक्फ कायद्याखाली आल्या. जुन्नर-आंबेगाव मुंबई राज्यात. इथल्या मशिदी-दर्ग्यांची नोंद १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने धर्मादाय आयुक्तांकडे झाली. १९९५ चा वक्फ कायदा आला, २००२ मध्ये औरंगाबादला महाराष्ट्राचे वक्फ मंडळ झाले, आणि एका दफ्तरातली नोंद दुसऱ्या दफ्तरात कशी न्यायची हा वाद सुरू झाला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ऑक्टोबर २०२२ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की मुसलमानांनी केलेला प्रत्येक सार्वजनिक ट्रस्ट म्हणजे वक्फ नव्हे.

त्यानंतर २०२५. वक्फ कायद्यात दुरुस्ती झाली. 'वामसी' हे वक्फ मिळकतींचे जुने संकेतस्थळ बंद झाले आणि ६ जून २०२५ ला 'उमीद' पोर्टल सुरू झाले. मिळकतीची माहिती सहा महिन्यांत नव्याने भरायची होती. देशभर मुतवल्ली आणि विश्वस्त कागद शोधत धावले. कायद्याच्या गुणदोषांवर स्वतंत्रपणे बोलता येईल. इथे प्रश्न इतकाच आहे : जुनी यादी सरकारकडेच होती, तर ती नव्यात नेण्याचे ओझे गावातल्या मशिदीच्या अर्धशिक्षित विश्वस्तावर का? इनाम कमिशनच्या वेळी हेच विचारले गेले होते. मुदत संपली म्हणून मशीद नाहीशी होत नाही, पण नोंद नसलेल्या मशिदीचा वाद कोर्टात उभा राहिला की काय होते, हे सांगायला कायद्याची पदवी लागत नाही.

सरकारला विचारायचे ते विचारलेच पाहिजे. त्याचबरोबर आपल्या हातात असलेले कामही आहे. गावातल्या मशिदीचा, दर्ग्याचा, कब्रस्तानचा सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड काढावे. धर्मादाय कार्यालयातला नोंदवहीचा उतारा काढावा. जुना सर्व्हे नंबर आणि नवा गट नंबर एका कागदावर शेजारी लिहून ठेवावेत. पेटीत फारसी किंवा मोडी कागद असेल तर त्याचे फोटो काढून दोन वेगळ्या घरी ठेवावेत. मूळ कागद कोणाला 'वाचून आणतो' म्हणून देऊ नये. पुराभिलेख विभाग आणि इतिहास संशोधनाच्या संस्था मोडीचे वर्ग घेतात. प्रत्येक तालुक्यातून आपली दोन-चार मुले-मुली तरी तिथे जायला हवीत. ही काही परक्याची लिपी नाही. आपल्याच कागद्यांनी घोटलेल्या कागदावर ती वाहिलेली आहे, आणि 'समान अशर' लिहिणाऱ्या कारकुनापेक्षा ते शब्द आपल्या पोरांना लवकर कळतील. मदरशात आकडे शिकलेल्या मुलाला शुहूर सन सोडवायला दहा मिनिटे पुरतात.

आता शेतकरी मोबाइलवर ई-पीक पाहणी करतो. पडद्यावर हंगाम निवडायला सांगतात : खरीप की रब्बी. खरीफ म्हणजे अरबीत शरद ऋतू, रबी म्हणजे वसंत. तलाठ्याचे पद अलीकडे 'ग्राम महसूल अधिकारी' झाले, त्यातला महसूल अरबीच. शब्द आपोआप टिकले. ते रोज वापरात होते म्हणून त्यांना जपावे लागले नाही. कागदाचे तसे नाही. तो पेटीत पडून असतो आणि पुढच्या वेळी दफ्तर बदलेल तेव्हाच त्याची आठवण होते. तेव्हा पुन्हा मुदत असेल आणि ती थोडीच असेल. त्याआधीचा हा मोकळा वेळ आपला आहे.